कार्यालयातील मुद्रणयंत्र आणि मराठी अक्षर

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तथापि, कायद्याने दिलेले स्थान व्यवहारात उतरते ते कागदावर. नागरिकाच्या हाती पडणारा दाखला, परवाना, नोटीस किंवा पावती शुद्ध व सुवाच्य मराठीत असेल, तरच राजभाषा त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल. मसुदा बिनचूक असूनही छापील प्रतीत जोडाक्षरे तुटलेली, वेलांट्या सरकलेल्या आणि काही ठिकाणी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटलेले दिसतात, हा अनेक कार्यालयांचा अनुभव आहे. दोष बहुधा भाषेचा नसतो, कर्मचाऱ्याचाही नसतो. संगणक व मुद्रणयंत्र यांच्यामध्ये अक्षरसंचाची, म्हणजेच फॉन्टची, जी देवाणघेवाण चालते, ती नीट समजून न घेतल्यामुळे तो उद्भवतो. ही देवाणघेवाण कशी चालते आणि तिची व्यवस्था कशी ठेवावी, याचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे.

नावातच जोडाक्षर

मुंबई उपनगरातील आरे वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद ठरावे. मुंबई शहरात विखुरलेले गुरांचे गोठे एकत्र आणून शहराला स्वच्छ दूध पुरवावे, या हेतूने गोरेगावनजीक १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. तिचे क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर असून पंधरा-सोळा हजार जनावरांची सोय तेथे करण्यात आली होती. पुढे वसाहतीच्या भूमीवर व परिसरात अनेक संस्था आल्या. आदिवासी पाडे मात्र पूर्वीपासूनच या भूमीवर वसलेले आहेत. गोठ्यांचे परवाने, भाड्याच्या पावत्या, ना-हरकत पत्रे आणि पाड्यांवरील रहिवाशांचे अर्ज व दाखले असा नाना प्रकारचा मराठी पत्रव्यवहार अशा परिसरात सतत चालू असतो.

आता शब्दांकडे पाहू. ‘आरे दुग्ध वसाहत’ या नावात ‘ग्ध’ हे जोडाक्षर आहे. ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ या पदनामात ‘ख्य’ व ‘र्य’ आहेत. ‘चाफ्याचा पाडा’ यात ‘फ्य’, तर ‘प्रजापूर पाडा’ यात ‘प्र’ आहे. शेजारच्या ‘मरोळ’ या नावात मराठीचा खास ‘ळ’ आहे. म्हणजे कार्यालयाचे शीर्षपत्र आणि अर्जदाराचा पत्ता छापतानाच फॉन्टची परीक्षा होऊन जाते. ‘दुग्ध’ हा शब्द ‘दुग् ध’ असा तुटून छापला गेला, तर वाचणारा सावरून घेईल. परंतु दाखल्यावरील नाव अशाच रीतीने तुटले, आणि शाळेतील नोंद व दाखल्यावरील नोंद यांत तफावत पडली, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात ते त्या अर्जदाराला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी होय. प्रश्न वरवर तांत्रिक दिसला, तरी त्याची किंमत माणसाला मोजावी लागते ती अशी.

खिळ्यापासून संकेतापर्यंत

मुद्रणातील अक्षर पूर्वी शिशाच्या मिश्रधातूचे होते. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देवनागरी खिळे आपल्या सुबकपणामुळे देशभर नावाजले गेले. खिळे जुळविणाऱ्याच्या पुढ्यात पेटी असे आणि तिच्या घरांतून तो एकेक अक्षर उचलीत असे. जे अक्षर पेटीत नाही, ते छापता येत नसे.

त्यानंतर कार्यालयांत टंकलेखन यंत्र आले. गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढे मराठी यंत्रे तालुक्या-तालुक्यांतील कार्यालयांत पोहोचली. यंत्राच्या मर्यादित कळांत देवनागरीची सारी जोडाक्षरे बसविणे शक्य नव्हते. अर्धी अक्षरे व पायमोडकी अक्षरे जोडून काम भागविले जाई. मात्र एक गोष्ट निश्चित होती. कळ दाबली की तेच अक्षर उमटे, कारण अक्षर यंत्रातच बसविलेले होते.

संगणकाने हा थेट संबंध तोडला. संगणकाच्या स्मृतीत अक्षराची आकृती साठविली जात नाही, तर त्याचा क्रमांक, म्हणजे संकेत, साठविला जातो. त्या संकेताला आकृती देण्याचे काम फॉन्ट करतो आणि ती आकृती कागदावर उमटविण्याचे काम मुद्रणयंत्र करते. संकेत, फॉन्ट आणि मुद्रणयंत्र या तीन कड्यांपैकी एकही कच्ची असली की छपाई बिघडते.

मुद्रणयंत्रात अक्षर कोठून येते?

लेसर पद्धतीची कार्यालयीन मुद्रणयंत्रे १९८४-८५ च्या सुमारास बाजारात आली. त्यांतील काही आरंभीच्या यंत्रांची स्मृती फक्त १२८ किलोबाइट होती. ए-चार आकाराचे एक संपूर्ण पान इंचाला ३०० ठिपके या घनतेने चित्र म्हणून साठवायचे झाल्यास सुमारे एक मेगाबाइट जागा लागते. ६०० ठिपक्यांची घनता घेतली, तर तीच गरज चार मेगाबाइटच्या वर जाते. त्या काळी एवढी स्मृती महाग होती. यास्तव पानाचे सबंध चित्र पाठविण्याऐवजी अक्षरसंच यंत्रातच ठेवावेत आणि संगणकाने केवळ कोणते अक्षर कोठे छापावयाचे ते कळवावे, अशी योजना करण्यात आली. पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेने आणि पीसीएल या दुसऱ्या आज्ञाभाषेने ही योजना रूढ केली.

तेव्हापासून मुद्रणयंत्रातील अक्षरसंच तीन मार्गांनी येतात. पहिला प्रकार अंगभूत फॉन्टचा. हे कारखान्यातच यंत्रात बसविलेले असतात आणि बहुतांशी रोमन लिपीचे असतात. दुसरा प्रकार उतरवून घेतलेल्या, म्हणजे डाउनलोड केलेल्या फॉन्टचा. हे संगणकावरून यंत्राच्या स्मृतीत पाठविले जातात. त्यांतही दोन भेद आहेत. तात्पुरता फॉन्ट एका कामापुरता येतो व काम संपताच पुसला जातो. कायम स्वरूपाचा फॉन्ट यंत्राच्या तात्कालिक स्मृतीत असेल तर यंत्र बंद होईपर्यंत, आणि यंत्रातील चकतीवर किंवा फ्लॅश स्मृतीत असेल तर मुद्दाम काढून टाकीपर्यंत राहतो. तिसऱ्या प्रकारात फॉन्ट यंत्राकडे जातच नाही. संगणक स्वतःच पानाचे चित्र तयार करून पाठवितो.

ग्रामपंचायतींत व शाळांत वापरली जाणारी पुष्कळशी लहान व स्वस्त यंत्रे या तिसऱ्या पद्धतीने चालतात. अशा यंत्रात फॉन्ट उतरविण्याची सोय नसते आणि गरजही नसते. तेथे छपाईत दोष आढळल्यास शोध संगणकातच घ्यावयास हवा. मोठ्या कार्यालयांतील, अनेक संगणकांना जोडलेल्या यंत्रांत मात्र पहिले दोन प्रकार महत्त्वाचे ठरतात.

देवनागरीची विशेष अडचण

रोमन लिपीत साधारणतः एका संकेताला एक आकृती पुरते. देवनागरीचे तसे नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा मुख्य विभाग आहे. परंतु जोडाक्षरे, रफार व अर्धी अक्षरे धरून एका चांगल्या मराठी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असाव्या लागतात. ‘क्ष’ हे अक्षर क, हलन्त चिन्ह आणि ष अशा तीन संकेतांनी साठविले जाते. त्यांची एक आकृती करण्याचे काम संगणक फॉन्टमधील नियमांनुसार करतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण साठविली जाते अक्षरानंतर. तिची जागाही संगणकच बदलतो.

याचा अर्थ असा की, जुळणी संगणकात होते आणि मुद्रणयंत्र फक्त तयार आकृत्या उमटविते. संगणक यंत्राला सांगतो, ‘या फॉन्टमधील अमुक क्रमांकाची आकृती येथे छापावी.’ यंत्राने त्या फॉन्टऐवजी आपल्याजवळचा दुसरा फॉन्ट वापरला, किंवा त्याच नावाची जुनी आवृत्ती वापरली, तर तो क्रमांक निराळ्याच आकृतीवर जाऊन पडतो. पडद्यावर शुद्ध दिसलेला मजकूर कागदावर अशुद्ध का उमटतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मराठीच्या काही गरजा तर हिंदीहून वेगळ्या आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहावेत. पहिल्यात मान गुरूला आहे, दुसऱ्यात निरोप स्वयंपाक्याला आहे. फरक आहे तो रफार आणि अर्ध्या ‘ऱ’चा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर शासकीय पत्रव्यवहारात पावलोपावली येतो. तो नीट उमटत नसेल, तर तो फॉन्ट मराठी कार्यालयाच्या उपयोगाचा नव्हे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन उमटण्याचा संभव असतो. पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे वर्णमालेविषयीच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात स्वीकारलेली आहेत. काही फॉन्टमध्ये ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली असेल तरच ती प्रकट होतात. भाषा ‘हिंदी’ राहिली, तर हिंदी वळणाची अक्षरे छापली जातात.

जुन्या फॉन्टचा वारसा

भारतीय लिपींच्या संगणकीकरणाचा पाया येथील संस्थांनीच घातला. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली ठरला. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिपींचा सामाईक संकेत प्रमाणित केला. युनिकोडमधील भारतीय लिपींची रचना याच परंपरेतील आधीच्या संकेतावर उभी आहे. आरे वसाहतीच्या पूर्वेस पवई येथे १९५८ साली स्थापन झालेली भारतीय प्रौद्योगिकी संस्था आहे. तिच्या औद्योगिक आकल्पन केंद्रात अध्यापन केलेले अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घडविला. विंडोज २००० या प्रणालीपासून तो जगभरच्या संगणकांवर पोहोचला.

परंतु मधल्या काळात, विशेषतः १९९० नंतरच्या दशकात, ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, ‘शिवाजी’, ‘योगेश’, ‘सुरेख’ असे अनेक फॉन्ट कार्यालयांत रूढ झाले. मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम त्यांनी केले, हे मान्य करावयास हवे. त्यांची घडण मात्र त्या काळच्या मर्यादेतील होती. त्यांत बहुधा रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर किंवा मुद्रणयंत्रात नसला, की पानावर असंबद्ध रोमन अक्षरे उमटतात. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही व दुसऱ्या कार्यालयात वाचता येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागितलेली जुनी नोंद संगणकात असूनही सापडत नाही, ती अनेकदा यामुळेच.

यावर उपाय आहे. नवीन सर्व लेखन युनिकोडमध्ये करावे आणि जुन्या, महत्त्वाच्या फाइली रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतरानंतर वेलांट्या, रफार व अर्धा ‘ऱ’ यांची तपासणी माणसाने डोळ्यांनीच केली पाहिजे. मूळ फाइल व तिचा फॉन्ट मात्र टाकून देऊ नये.

व्यवस्थापनाची पद्धत

मुद्रणयंत्रातील फॉन्टची व्यवस्था ही दप्तरातील नोंदवहीसारखी ठेवली, तर काम सोपे होते. पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. यादी छापून घ्यावी. बहुतेक मोठ्या यंत्रांच्या सूचिपटावर ‘माहिती’ किंवा ‘अहवाल’ या सदराखाली फॉन्टची यादी छापण्याची आज्ञा असते. पीसीएल व पोस्टस्क्रिप्ट यांच्या याद्या वेगवेगळ्या निघतात. यंत्रात काय आहे हे कळल्याशिवाय काही घालू नये व काढू नये.

२. खरोखर गरज आहे काय, ते ठरवावे. आज संगणक आवश्यक ती अक्षरे प्रत्येक कामासोबत आपोआप पाठवितो. कायम फॉन्ट उतरविणे लाभदायक ठरते ते एकाच नमुन्याच्या शेकडो पावत्या अथवा नोटिसा रोज छापल्या जातात तेथे, किंवा दंडरेषांचे संकेत छापणारा विशेष फॉन्ट लागतो तेथे. अनावश्यक फॉन्ट यंत्राची स्मृती अडवितात.

३. अनुज्ञप्ती पाहावी. फॉन्ट ही कोणाची तरी निर्मिती असते. विकत घेतलेला फॉन्ट किती संगणकांवर व यंत्रांवर वापरता येतो, हे अनुज्ञप्तीत लिहिलेले असते. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ यासारखे काही युनिकोड फॉन्ट खुल्या अनुज्ञप्तीखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. सार्वजनिक कार्यालयांनी त्यांचा प्राधान्याने विचार करावा.

४. फॉन्ट उतरवावा. यंत्र उत्पादकाने दिलेल्या व्यवस्थापन प्रणालीतून, अथवा न्याहाळकात यंत्राचा जाळ्यावरील पत्ता देऊन उघडणाऱ्या पानावरून, ही सोय असल्यास फॉन्ट पाठविता येतो. यंत्र कोणत्या प्रकारची फॉन्ट-फाइल स्वीकारते, हे पुस्तिकेतून आधी पाहून घ्यावे. फॉन्ट चकतीवर ठेवावयाचा की तात्कालिक स्मृतीत, याची निवडही याच वेळी करावी.

५. अदलाबदल थांबवावी. पोस्टस्क्रिप्ट यंत्राच्या प्रगत मांडणीत ‘ट्रूटाइप फॉन्ट’ या सदराखाली दोन पर्याय आढळतात. एक, यंत्रातील फॉन्ट बदली वापरणे व दुसरा, सॉफ्ट फॉन्ट म्हणून उतरविणे. मराठी मजकुरासाठी दुसरा पर्याय निवडावा.

६. परीक्षापत्र छापावे. ‘दुग्धव्यवसाय, मुख्य कार्यकारी अधिकारी, शेतकऱ्यांच्या, आचार्य-आचाऱ्यांना, ॲडव्होकेट, क्षेत्र, ज्ञान, शृंगार, द्वितीय, मरोळ, चाफ्याचा पाडा’ अशी एक ओळ तयार ठेवून प्रत्येक बदलानंतर छापावी व पडद्याशी ताडून पाहावी. प्रत्येक कार्यालयाने आपल्या हद्दीतील गावांची व पाड्यांची नावे तीत जोडावीत.

७. नोंद ठेवावी. फॉन्टचे नाव, आवृत्ती, अनुज्ञप्ती, उतरविल्याची तारीख व कारण लिहून ठेवावे. जबाबदार कर्मचाऱ्याची बदली झाली तरी व्यवस्था बदलू नये, हा या नोंदीचा हेतू.

८. सुरक्षितता सांभाळावी. यंत्राच्या व्यवस्थापन पानाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. चकती असलेले यंत्र निर्लेखित करताना ती पुसून घ्यावी, कारण फॉन्टबरोबरच छापलेल्या कागदपत्रांच्या प्रतीही तिच्यात राहिलेल्या असू शकतात.

दोष ओळखावा कसा?

दोषाच्या स्वरूपावरून त्याचे मूळ पुष्कळदा कळते. पानावर असंबद्ध रोमन अक्षरे आली, तर जुन्या पद्धतीचा फॉन्ट उपलब्ध नाही असे समजावे. रिकामे चौकोन आले, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. सर्व अक्षरे शुद्ध, पण ओळी व पाने सरकली, तर एका फॉन्टऐवजी दुसरा लागलेला आहे. विंडोज १० पासून ‘मंगल’ हा प्रत्येक संगणकावर आपोआप असेलच असे नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला असून वेगळा बसवावा लागतो. जुन्या ‘मंगल’मधील तक्ते नव्या संगणकावर विस्कटतात, त्याचे कारण अनेकदा हेच असते. पडद्यावर शुद्ध व कागदावर अशुद्ध असेल, तर मात्र मुद्रणयंत्रातील अदलाबदलीकडे पाहावे. तातडीच्या वेळी पीडीएफ फाइल ‘चित्र म्हणून छापा’ हा पर्याय निवडल्यास काम भागते. छपाई थोडी संथ होते, पण अक्षरे बिघडत नाहीत.

दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवावयाची फाइल पीडीएफमध्ये, फॉन्ट अंतर्भूत करूनच पाठवावी. दीर्घकाळ जतन करावयाच्या दस्तऐवजांसाठी २००५ साली ठरलेल्या पीडीएफ-ए या आंतरराष्ट्रीय मानकात फॉन्ट अंतर्भूत असणे बंधनकारक आहे. कागद ज्या फॉन्टमध्ये लिहिला, तो फॉन्ट कागदासोबतच राहावा, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

शेवटची तपासणी माणसाची

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे विहित मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. मुदतीत दिलेला, पण नाव चुकीचे छापलेला दाखला म्हणजे अर्धीच सेवा होय. ग्रामपंचायतीतील जन्म-मृत्यूची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, आरेच्या पाड्यावरील रहिवाशाने दिलेल्या अर्जाची पोच, या साऱ्यांवर छापलेले नाव त्या माणसाला आयुष्यभर पुरावयाचे असते. म्हणून स्वाक्षरीपूर्वी छापील प्रतीवरील नाव व गाव एकदा अर्जदाराला वाचून दाखवावे किंवा त्याच्याकडून वाचून घ्यावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि चूक राहिलीच असेल तर ती त्याच्या हाती पडण्यापूर्वी सुधारता येते.